एकाच मांडवात दोघी

नाताळचा तारा अजून ओटीवरून उतरलेला नाही आणि आमच्या वसईतल्या सांडोरात मांडव पडायला सुरुवात झाली आहे. तीन राजांच्या सणापासून राखेच्या बुधवारपर्यंत हा आमचा लग्नांचा हंगाम. मग उपवासकाळ लागतो, देवळात लग्नं लागत नाहीत, म्हणून जो तो घाईत. सकाळी दार उघडलं की केळीच्या बागांवर धुकं असतं आणि त्या धुक्यातून कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत असतं. शेजारच्या अंगणात सोललेली राजेळी केळी उन्हात घातलेली असतात. सुकेळ्यांचा तो गोड, जरासा आंबूस वास दुपारपर्यंत घरभर पसरतो. त्याच्यावर कुणाच्या तरी मांडवातला भाजलेल्या मसाल्याचा वास येऊन बसतो, आणि मला शिंका येतात.

मांडव आता लोखंडी पाइपांचे असतात. त्यांवर सोडायची पानंफुलंही वालीवच्या कुठल्यातरी कारखान्यातून येतात, प्लास्टिकची. चहूकडे खऱ्या केळी उभ्या असताना खांबाला प्लास्टिकची केळ बांधलेली असते. दरवर्षी मी हे बघून हसायचे. यंदा हसू आलं नाही. खोटी वस्तू खऱ्याच्या शेजारी किती बिनदिक्कत उभी राहू शकते, हे मला या महिन्यात माझ्यावरूनच कळलं आहे.

मारिसा, जोएल, तुम्हांला मी एरवी इंग्रजीत लिहिते. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीभर मी इंग्रजीच शिकवलं. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मला लाजेलाही इस्त्री करून घडी घालता येते. तुम्ही दोघं मराठी वाचता, ओळीखाली बोट धरून का होईना. अडलं तर तुमच्या बाबांना विचारा. माझ्या लेकानं, नेल्सननंही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधी या महिन्यात काय झालं ते सांगते.

आपल्याकडे लग्नासाठी घरातून निघताना नवरा किंवा नवरी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकते. प्रत्येक जण अंगठ्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढतो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. तो आशीर्वाद घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बँडवाले बाहेर कितीही ताटकळले तरी चालतात. देवळातला विधी फादरचा असतो. हा घरचा.

जोएलनं फोनवर सांगितलं की त्याचं आणि शॅरनचं ठरलं, लग्न ईस्टरनंतर करू, आणि म्हणाला, "आजी, लग्नाच्या वेळी तू इतक्या लांब येणार नाहीस, तर आताच दे." कॅनडातल्या त्याच्या त्या इवल्याशा खोलीत तो फोनसमोर गुडघ्यांवर बसला. मागे शॅरन खुदुखुदु हसत होती. माझा हात पिठाचा होता. तो तसाच वर करून मी हवेत क्रूस काढला. जोएलचं कपाळ स्क्रीनच्या बाहेर गेलं होतं, मला फक्त त्याची हनुवटी दिसत होती. मी हनुवटीला आशीर्वाद दिला. आम्ही तिघंही हसलो. संध्याकाळपर्यंत मी निम्म्या गल्लीला पेढे वाटले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मारिसाचा फोन आला. तिनं हॉस्पिटलातली नोकरी सोडली होती. ज्या मठात ती दोन-तीन वर्षं अधूनमधून जाऊन राहत होती, त्याच मठात ती आता कायमची जायची होती, उपवासकाळ लागायच्या आत. शाळा चालवणाऱ्या, दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरांचा मठ नव्हे. बंद मठ. आत प्रार्थना, शिवण, बाग आणि मौन. भेटायला जाल तर जाळीच्या अलीकडून भेटायचं. मारिसा हे सगळं अगदी सावकाश सांगत होती, मला समजावं म्हणून. मला पहिल्या वाक्यातच समजलं होतं. मग तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, दोन पावलं मागे गेली आणि गुडघ्यांवर बसली.

मी म्हटलं, "मारिसा? आवाज येत नाही गं. मारिसा, तू अडकलीस."

ती अडकली नव्हती. खोलीतल्या हीटरच्या वाऱ्यानं तिच्या बटा हलत होत्या, ते मला दिसत होतं. "आजी, मी दिसते का?" हेही स्वच्छ ऐकू येत होतं. मी रिकाम्या स्वयंपाकघराला मोठ्यानं सांगितलं, "नेटवर्क गेलं वाटतं," आणि लाल बटण दाबलं.

मग ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

*

आमच्या आईनं मला देवाला देऊन टाकलं होतं. लहानपणी मला विषमज्वर झाला. डॉक्टरनं मान हलवली, तेव्हा आईनं घरातल्या वेदीपुढे नवस केला: ही जगली तर तुझी. मी जगले. त्या दिवसापासून मी घरातली पाहुणी झाले. मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं. मला शेणात हात घालू देत नसत. बाबा मला 'सिस्टर' म्हणून हाक मारायचे, गमतीनं, पण ती पूर्ण गंमत नव्हती. माझी मोठी बहीण लुसी चौथीनंतर शाळेतून निघाली ती बाबांबरोबर वाडीत गेली. आमच्या घरात मोठ्या बहिणीला बाय म्हणत, म्हणून ती माझी लुसीबाय. तिच्या प्रत्येक झग्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असत. ते धुऊन जात नाहीत.

नवसाची मुलगी नवसाप्रमाणे वागली नाही. देवळाच्या गायनमंडळात तुमचे आजोबा तबला वाजवायचे. चांगला नाही वाजवायचे, पण मान खाली घालून फार मन लावून वाजवायचे. मी आईला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, रडलीही नाही. तिनं वेदीकडे बघितलं, जसं सावकार दारात उभा असताना माणूस घरात बघतं. त्या नजरेची लाज मला त्या दिवशी वाटली. तोवर आपण कुणाच्या मालकीच्या आहोत हे मी धड्यासारखं पाठ केलं होतं, पण मला ते खरं वाटलेलं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी, अशाच थंडीत, आम्ही तिघी सुकेळ्यांसाठी केळी सोलत बसलो होतो. आमची घरची बोली मी इथे लिहीत नाही, ती तुम्हांला कळणार नाही. पण बोलणं असं झालं:

"मी जाते," लुसीबाय म्हणाली.

"कुठं? वाडीत? आता कशाला?" आई म्हणाली.

"मठात. घाटावरच्या बंद मठात. फादरशी बोलून झालंय माझं."

आईच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "तुला इंग्रजी कुठं येतं?"

"देवाला येतं का?" लुसीबायनं विचारलं आणि पुढचं केळं सोलायला घेतलं.

आईनं जो श्वास सोडला, तो मला आजही ऐकू येतो. नवस फिटला होता. दुसऱ्या मुलीकडून फिटला, पण फिटला.

त्या जानेवारीत आमच्या अंगणात एकच मांडव पडला आणि त्याखाली दोघी निघाल्या. गुरुवारी लुसीबाय, रविवारी मी. बाबांनी पांढऱ्या कापडाचा एकच तागा आणला. त्यातून माझा लग्नाचा झगा आणि लुसीबायचे मठात न्यायचे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे. शिंपी ओटीवर बसून मापं घेत होता. म्हणाला, "एकीचं सगळं दिसायला हवं, दुसरीचं काही दिसायला नको. कापड तेवढंच लागतं." आईनं त्याला दटावलं. लुसीबाय इतकी हसली की टेप हातातून सुटली आणि त्याला पुन्हा माप घ्यावं लागलं.

त्याच्या आदल्या रविवारी देवळात माझं नाव वाचायचं होतं. लग्नाआधी तीन रविवार जोडप्याची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. माझा तो तिसरा रविवार. प्रवचनात फादर लुसीबायवर बोलले. या घरातल्या मुलीनं उत्तम ते निवडलं, अशी मुलगी ज्या गल्लीतून निघते ती गल्ली धन्य. सगळ्यांच्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आता लग्नाच्या घोषणा." पहिलंच नाव माझं होतं.

मागच्या बाकावर नातालमावशी होती. ती कळंबची, कोळ्यांच्या घरातली, लग्न होऊन आमच्या शेजारी आली होती. तिला हळू बोलता येत नसे. म्हणाली, "चांगला वाटा उचलला देवानं. आता उरलेला कोन नेतो बगू."

बायकांच्या बाजूचं अर्धं देऊळ डोक्यावरचा पदर तोंडाला लावून हसलं. माझे कान तापले. लग्न ही चूक नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण त्या बाकावर बसून माझ्या सुखाची मला लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटते याचीही वाटली, कारण तुमचे आजोबा पलीकडे तबल्यामागे बसून माझ्याकडे बघत होते.

गुरुवारी सगळं गाव लोटलं. लुसीबाय एकेकापुढे गुडघे टेकत गेली. आतेनं, काकांनी, शेजाऱ्यांनी क्रूस काढले. मठात पैसे चालत नाहीत म्हणून लोकांनी साबण, टॉवेल आणि छत्र्या दिल्या. छत्र्याच फार. बंद मठात छत्री कशाला, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आईनं आशीर्वाद दिला तो लगेच, ठसठशीत, अंगठा कपाळावर दाबून. तिचा चेहरा उजळलेला होता. बाबा मांडवात नव्हतेच. ते विहिरीवर रहाट हाकत होते, लेकीच्या निरोपाच्या दिवशी बागेला पाणी सोडत. लुसीबाय तशीच पाटातून चालत गेली. परत आली तेव्हा नव्या पांढऱ्या झग्याला घोट्यापर्यंत चिखल होता आणि कपाळालाही चिखलाचा एक फराटा.

रविवारी माझं लग्न लागलं. माळा तीन दिवसांच्या जुन्या, कडांना तपकिरी पडलेल्या. लोक आले, जेवले, नाचलेही. पण लोकांचं मन भरून गेलं होतं ते गुरुवारीच. आईनं माझ्याही कपाळावर क्रूस काढला. घाईत, दार लोटावं तसा.

मी सुटले, असं मला वाटलं. आणि त्याच्या पोटात दुसरं वाटलं, ते पुढे जन्मभर गेलं नाही. लुसीबाय माझ्या जागी गेली.

*

तुमच्या आजोबांबरोबरचा माझा संसार चांगला झाला. तुम्ही ते घर पाहिलं आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, चादरींच्या घड्या सारख्या, बिलं तारखेनुसार. लोक कौतुक करतात. आजोबा करत नसत. ते म्हणायचे, "अगं, घर आहे हे. परीक्षा नाही." मी त्यांना कधी सांगितलं नाही की मला ती परीक्षाच वाटत होती. जी गोष्ट दुसऱ्या माणसाच्या किमतीवर मिळाली, ती निदान चुरगळू तरी नये. नेल्सन तान्हा असताना त्याच्यासाठी रात्री उठले की मनात यायचं, आता तिकडे घंटा झाली असेल, लुसीबाय थंडगार फरशीवर उभी असेल. मग मी बाळाला थोपटतानासुद्धा चेहरा गंभीर ठेवायचे. आजोबांनी गमतीत कुशीत ओढलं की आधी अंग चोरायचे. त्या भल्या माणसाला वाटायचं, इंग्रजी शाळेतली शिस्त.

पुढे मला देवळातून बोलावणं यायला लागलं. लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी शिबिर असतं, ते केल्याशिवाय लग्न लावत नाहीत. तिथे मी बोलायचे. विवाह आणि व्रतस्थ जीवन ही दोन्ही पाचारणं, देवानं हाक मारून दाखवलेल्या वाटा, एक वरची आणि एक खालची असं नाही. मुलं वह्यांत लिहून घ्यायची. कुणी विचारायचं, "मिस, मग मठात जाणाऱ्यांना एकटं नाही वाटत?" मी सांगायचे, "जिला हाक आली तिला नाही वाटत." माझा आवाज छान लागतो, शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या त्या केळीसारखं होतं ते बोलणं. लांबून हिरवंगार.

लुसीबायला भेटायला आम्ही दर एक-दोन वर्षांनी घाटावर जायचो. लाकडी बाक, मध्ये जाळी, जाळीपलीकडे तिचा गोल चेहरा. मी वेलची केळी न्यायचे, सुकेळी न्यायचे, लोकरीचे मोजे न्यायचे. तुरुंगातल्या माणसाला भेटायला जावं तशी सगळी तयारी. बोलायचे हळू. निघताना डोळे पुसायचे. आजोबा मात्र तिच्याशी मोठमोठ्यानं बोलायचे, वाडीच्या, पावसाच्या, कुणी कुठे बंगला बांधला त्याच्या गप्पा. ते दोघं हसायला लागले की मला वाटायचं, यांना काही कळत नाही.

आजोबा गेले त्यानंतरच्या वर्षी मी एकटी गेले. लुसीबायचे दात गेले होते, पाठ वाकली होती. आता विचारलं नाही तर राहून जाईल, असं वाटलं.

"बाय, एक विचारू? तू माझ्या बदली आलीस ना?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि आतल्या तरुण सिस्टरनं पाणी आणून दिलं.

"तुझ्या बदली? वेडे, तुला इथं आठवडाभर ठेवली असती ना, तर मदरनंच स्थळ बघून तुला उजवली असती. मेणबत्त्या अशा लावा, पातेली तशी लावा."

"मग आईचा नवस?"

"आईचा नवस आईकडे. मी तर तुझ्या आधीपासून ठरवून होते. तुझं लग्न ठरायचीच वाट बघत होते."

"का?"

"का म्हणजे? आई तुला पाठवणार, मी माझी जाणार. दोघी मठात गेलो असतो तर बाबांकडे कुणी बघायचं? तू वसईतल्या वसईत राहणार म्हटल्यावर माझी वाट मोकळी झाली. तू तबलेवाल्याला हो म्हटलंस, त्या दिवशी मी देवाला डबल थँक्यू म्हटलं."

हसू ओसरल्यावर तिचा चेहरा वेगळा दिसायला लागला.

"इतकी वर्षं तू माझी दया करत होतीस काय गं?" तिनं विचारलं. "केळी घेऊन यायचीस, मोजे घेऊन यायचीस. मी सुखात आहे का, हे एकदासुद्धा विचारलं नाहीस."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती चौकशी करावी तशी बोलली. घंटा झाली, ती उठली, जाळीतून दोन बोटं बाहेर काढून माझ्या बोटांना लावली आणि गेली. गेल्या पावसाळ्यात ती वारली.

*

म्हणजे बघा, मला सगळं माहीत होतं. मला समजावून सांगितलेलं होतं, तेही जिनं ते आयुष्य काढलं तिनं. कुणी आपल्या पायानं, आपल्या आनंदानं त्या दारातून आत जातं, आणि कुणाचं तरी लग्न हे त्याच्या आड येत नाही, उलट वाट करून देतं, हे मी ऐकलं, पटवून घेतलं, रडलेही. तरी माझी नात माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली तेव्हा माझा हात वर झाला नाही.

नातालमावशी परवा आली होती. आता ती काठी घेऊन चालते, आवाज तसाच आहे. ओटीवर बसून म्हणाली, "जोएलचं पेढे खाल्लं. मारिसाचं कदी?"

"ती अजून शिकते आहे," मी म्हटलं.

"किती शिकनार? डोक्यात थोडी जागा ठेव म्हनावं नवऱ्याला."

मी हसले. म्हणजे मी पुन्हा खोटं बोलले आणि वर हसले. जिनं लुसीबायच्या वेळी भर देवळात तोंड उघडलं होतं, तिच्यापुढे खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही. जोएलचं लग्न हे सांगण्यासारखं, मारिसाचं पाचारण हे लपवण्यासारखं, असं मी कधी ठरवलं? माझ्या लहानपणी तर उलट होतं. तेव्हा लग्नाची लाज वाटायला लावली आणि मठाचे पेढे वाटले. दोन्ही वेळा कुणीतरी एक मुलगी मांडवात उरलेल्या वाट्यासारखी उभी राहिली. तेव्हा ती मी होते, म्हणून मला ते दिसलं. आता ती मी नव्हते.

खरं कारण मी स्वतःशी पुष्कळ दिवस टाळलं. लोक काय म्हणतील हे नव्हे. मला मारिसाचा हात पुन्हा हातात घ्यायचा आहे, आणि जाळीतून दोनच बोटं येतात. ते मी लुसीबायच्या वेळी पाहिलं आहे. लग्न झालेला जोएल वर्षा-दोन वर्षांनी एखादं बाळ घेऊन या ओटीवर येईल. मारिसा येणार नाही. माझा विरोध एवढाच आहे, आणि हा विरोध देवापुढे ठेवायला मला लाज वाटते, कारण तो फार लहान आहे.

मग जोएलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "आजी, मारिसाला तू अजून ब्लेसिंग दिलं नाहीस? ती म्हणाली तुमच्याकडे नेटवर्क गेलं होतं."

"असं म्हणाली ती?"

"हो. बाबांनापण तेच सांगितलं. बाबा तिच्याशी बोलतच नाहीत आजी. म्हणतात, आधी आजी देऊ दे, मग मी बघतो. ती तशीच जाणार मग? कुणाचं न घेता?"

तिला ठाऊक होतं. मी तिला दिसत होते, मी तिच्याशी खोटं बोलताना दिसत होते, आणि तिनं ते खोटं उचलून माझ्यासाठी सगळ्यांना सांगितलं. माझी लाज तिनं आपल्या अंगावर घेऊन झाकली. त्या रात्री मला झोप लागली नाही, याचं मी कौतुक सांगत नाही. झोप लागली असती तर आणखी लाज वाटली असती.

सकाळी देवळातली मिस्सा आटोपून आल्याबरोबर मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मारिसा आईबाबांच्या घरी आली होती, पलंगावर कपड्यांचे ढीग होते. काही द्यायचे, काही टाकायचे.

"आजी, आता नेटवर्क ठीक आहे?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

"तेव्हाही ठीकच होतं," मी म्हटलं.

ती थोडा वेळ एका स्वेटरची घडी घालत राहिली. "आय नो, आजी."

जे लुसीबायला विचारायला मला इतकी वर्षं लागली, ते मी मारिसाला विचारलं. "तू तिथं सुखात असतेस का?"

तिला मराठी शब्द शोधावे लागले. "तिथे मला घाई नसते," ती म्हणाली. "म्हणजे... जोएल शॅरनजवळ बसतो ना, आणि तो फोन बघत नाही, काहीच बघत नाही, नुसता बसतो. तसं. मी तिथे तशी बसते."

"आणि भीती?"

"आहे की. खूप. जोएललापण आहे, तो सांगत नाही. त्याला वाटतं, लग्नाची भीती वाटली तर ते खरं प्रेम नाही."

हे मी जोएलला विचारलंच नव्हतं. पेढे आणायला धावले होते. जोएल, तुला दिलेला आशीर्वाद मागे घेत नाही, पण तो न विचारता दिला होता, हे लक्षात आलं आहे. आपण दोघं एकदा बोलू.

"ये," मी मारिसाला म्हटलं. "बस खाली."

तिनं फोन टेबलावर उभा केला आणि गुडघे टेकले. मी चष्मा लावला. या वेळी हवेत नको, असं मला वाटलं. हवेत काय, कुणीही काढतं. मी अंगठा थेट काचेवर, तिच्या कपाळावर ठेवला. पित्याच्या म्हटलं. पुत्राच्या म्हटलं. आणि स्क्रीन काळी झाली. अंगठा खाली येताना लाल बटणावर पडला होता.

तिनंच परत फोन लावला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आजी, तू मला कट केलंस."

"या वेळी चुकून," मी म्हटलं, आणि मलाही हसू आलं, जे तिच्या त्या पहिल्या फोनपासून मनापासून आलं नव्हतं. मग मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला, हात वर उचलला आणि राहिलेला क्रूस पूर्ण केला. मला तिच्या केसांच्या भांगापलीकडे काही दिसत नव्हतं, कारण तिनं मान अगदी खाली घातली होती.

"आजी, तू राजी आहेस?" तिनं तसंच बसून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

"चालेल."

तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडलं. नेल्सन कामावरून आला होता, अंगात कोट, खांद्यावर बॅग, बुटांना बर्फ. मुलगी खाली बसलेली आणि फोनमध्ये मी, हे बघून तो दारातच थांबला. त्याचा चेहरा थेट आमच्या बाबांसारखा दिसला, लेकीला निरोप द्यावा लागू नये म्हणून विहिरीवर जाऊन राहिलेल्या माणसाचा. तो आता मागे वळेल, असं मला वाटलं.

"नेल्सन," मी हाक मारली, "बूट काढ आणि आत ये. पोरगी केव्हाची गुडघ्यांवर बसली आहे."